गार असताना बारा व्होल्ट

आटपाडीकडची हाय ती, म्हायेरात पाणी बघितलं न्हाई कवा, आता हितं आल्यावर घालती दुधात, असं माझ्या पाठीमागं कोणीतरी म्हणालं आणि तिघं-चौघं हसले. कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही. मी वळून बघत नाही कधी, ती माझी सवयच आहे, कानानं सगळं ऐकायचं आणि नजर खाली ठेवायची. मी तेव्हा आमच्या गावच्या दूध डेअरीत टेबलापाशी उभी होते, हातात माझा मीटर होता, आणि टेबलापलीकडं बबनतात्या, म्हणजे डेअरीचे सेक्रेटरी, फॅट मशीनच्या चार्जरची वायर माझ्यापुढं धरून उभे होते. आणि जिच्याबद्दल ते बोलणं होतं ती कलाकाकी माझ्या शेजारीच होती, हातभर अंतरावर, रिकामी किटली घेऊन. तिनंही ऐकलं. तिनं किटलीचं झाकण बसवलं, काढलं, परत बसवलं, एवढंच.

आता तुम्ही म्हणताय पहिल्यापासून सांग, तर पहिल्यापासून म्हणजे काय, माझे वडील फौजेत होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले. माझा जन्म जबलपूरचा, बालवाडी पठाणकोटला, मग सिकंदराबाद, मग परत जबलपूर, शाळा सगळ्या इंग्रजी, खेळायला हिंदी, आणि मराठी फक्त आईची, स्वयंपाकघरातली. गावाला यायचो ते सुट्टीत पंधरा दिवस. रहिमतपूरच्या पुढं आमचं गाव, सगळीकडं ऊस, मधून कॅनॉल, कॅनॉलच्या पलीकडं माळावर पाच-सहा घरांची वस्ती. वडील रिटायर होऊन आम्ही कायमचे आलो तेव्हा माझी दहावी झाली होती. घरात सत्यनारायण घातला, बायका आल्या, आणि आई म्हणाली जा त्यांना बसायला सांग, तर मी बाहेर जाऊन म्हणाले, आप लोग बसा ना. काय हसल्या त्या. वाईट मनानं नाही हसल्या, पण पुढं दोन वर्षं आळीतल्या पोरी मला हाकच मारायच्या, ए आप लोग. तेव्हापासून मी बोलायचं कमी केलं. गावात एक चेष्टा आहे माझ्यावर, सुभेदाराची पोरगी मराठीत बोलत न्हाई आन् इंग्लिशमधी गप बसती.

कलाकाकी तेवढी हसली नव्हती. तिचंही बोलणं आमच्या गावच्यांना वेगळं वाटायचं, दुष्काळी भागातली म्हणून तिलाही नावं ठेवायचे, लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी आटपाडीची ती आटपाडीचीच. ती वस्तीवर राहते. नवरा पुण्यात वॉचमन, महिन्यातून एकदा येतो, पोरगी बारावीला, आणि तीन म्हशी. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी ती ताकाचा तांब्या घेऊन आली होती आणि मला म्हणाली, बोल गं बया, चुकलं तर चुकलं, म्हशीला काय कळतंय का आपण कुठल्या गावचं बोलतोय, ती दूध देतीच की. त्यानंतर मी जे काही मराठी शिकले ते निम्मं तिच्या गोठ्यात बसून. हे सांगायचं कारण, पुढं मी जे केलं ते मी कुणाच्या बाबतीत केलं हे तुम्हाला कळावं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री सांगलीला होस्टेलवर राहून केली. आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. आम्ही अडॅप्टर बनवतो, आणि मी तपासणीच्या टेबलावर बसते. मला ते काम आवडतं, खरं सांगू का, त्यात बोलावं लागत नाही. अडॅप्टर म्हणजे काय, भिंतीतली लाईट घ्यायची आणि यंत्राला झेपेल एवढी करून, सरळ करून द्यायची. त्याच्यावर बारा व्होल्ट छापलेलं असतं, पण छापायला काय, काहीही छापता येतं. नुसता मीटर लावला तर बाजारातला हलक्यातला हलका अडॅप्टरसुद्धा बारा दाखवतो, कारण त्याच्यावर ओझंच नसतं. डोक्यावर काही नसताना कोणीही ताठ चालतो. खरी तपासणी म्हणजे त्याच्यावर ओझं टाकायचं, आम्ही त्याला लोड म्हणतो, आणि अर्धा तास तसंच चालू ठेवायचं, तापू द्यायचं, आणि मग बघायचं की बारा राहिलेत का. आणि रेघ बघायची. स्कोप नावाचं यंत्र असतं, त्याच्या पडद्यावर चांगल्या अडॅप्टरची रेघ सपाट दिसते, वाईटाची करवतीच्या दात्यांसारखी. आमच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, गार आणि गरम. गरमचा रकाना रिकामा असेल तर मी माल पुढं जाऊ देत नाही, मालक आले तरी नाही. हे मी रोज करते, दिवसात चाळीस-चाळीस वेळा करते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मला आधीच सांगून टाकायचंय.

तर डेअरी. सकाळी सहाला उघडते. गावठाणातले लोक पहिले येतात, त्यांना जवळ पडतं. मग मळ्यातले, मग वस्तीवरचे. वस्तीवरच्या बाकीच्यांच्या मोटरसायकली आहेत, कलाकाकी कॅनॉलच्या कडेनं चालत येते, तिन्ही म्हशींची धार एकटीनं काढून, म्हणून ती सगळ्यात शेवटी. ती आली की तात्या म्हणायचे, चला, आता शटर खाली घ्यायला हरकत न्हाई. दूध मापायचं, त्यातलं थोडं बाटलीत घेऊन मशीनच्या नळीखाली धरायचं, मशीन ते ओढून घेतं, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात पावती येते, फॅट किती, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, किती, आणि सगळ्यात खाली एक ओळ, पाणी किती टक्के. त्या ओळीला लोक फार घाबरतात. पूर्वी दुधात सोडून पाणी ओळखायची काचेची डिग्री असायची, ती कधीतरी फुटली आणि मशीन आल्यावर कोणी नवी आणली नाही, कारण मशीन खोटं बोलत न्हाई असं सगळ्यांचं म्हणणं.

एक दिवस लाईट एकदम जास्त आली आणि मशीनचा मूळचा चार्जर, म्हणजे अडॅप्टरच, जळला. कंपनीकडून यायला महिना लागणार होता, दूध तर रोज येणार, म्हणून तात्यांनी साताऱ्याच्या बाजारातून तसाच दिसणारा एक आणला. बारा व्होल्ट लिहिलेला, पिन बसणारा. मशीन चालू झालं, तात्यांना हायसं वाटलं. आणि तात्यांची एक सवय आहे, नवीन वस्तू आली की तिला प्लास्टिक घालायचं. काट्याच्या आकड्यांवर प्लास्टिक, कॅलेंडरला प्लास्टिक, त्यांच्या मोटरसायकलच्या टाकीवरचं कागदी स्टिकरसुद्धा अजून तसंच आहे. तर चार्जरवर दूध उडू नये म्हणून त्यांनी त्याला पिशवीत घालून वरून रबर लावला. माणूस काळजीचाच आहे. वाईट नाही, हे मी परत परत सांगते, तुम्ही लिहिताना तात्यांना वाईट करू नका.

आठवड्याभरात कलाकाकीच्या पावतीवर पाणी आलं. सहा टक्के. मग सात. मग नऊ. वस्तीवरच्या बाकीच्यांच्याही पावतीवर एक-दोन टक्के यायला लागलं होतं, पण तेवढं डेअरी सोडून देते, म्हणून ते गप्प राहिले. नियम असा आहे की तीनदा पाच टक्क्यांच्या वर पाणी आलं की बोर्डावर नाव लागतं, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी दूध घालून झालं की सभासदांसमोर विषय येतो, दूध घ्यायचं का बंद करायचं. काकीचं नाव बोर्डावर लागलं. निळ्या खडूनं, मोठ्या अक्षरात, आडनावासकट. तिला दूध बंद होण्याची भीती होतीच, पण त्याच्याहून मोठं एक झालं. सोमवारी महादेवाला दुधाचा अभिषेक होतो, त्याला दूध वस्तीवरचं जातं, काकीच्या सासूच्या आधीपासून ती रीत आहे. त्या सोमवारी गुरव म्हणाले, काकी, ह्या येळंला ऱ्हाऊ द्या, गावठाणातनं आलंय. चांगल्या शब्दांत म्हणाले. ती दुधाचा तांब्या तसाच घेऊन कॅनॉलवरून परत गेली.

बुधवारी सकाळी ती डेअरीत सगळ्यांसमोर म्हणाली, तात्या, माझ्या दुधाला पाणी लागलेलं न्हाई, मशीन तपासा. तात्या म्हणाले, तपासू की, का न्हाई तपासायचं, उद्या माझ्या भावाचं नाव आलं तर त्यालाबी हाच न्याय. आणि त्यांनी मला बोलावलं. मी कामावर निघालेच होते, स्कूटी दारात, मीटर बॅगेत. गेले. डेअरीत वीस-पंचवीस माणसं, सगळी माझ्याकडं बघत होती. तात्यांनी चार्जर पिशवीतून काढून पुसून माझ्यापुढं धरला. बोलाचालीत आणि मला बोलवण्यात मशीन बंद होऊन बराच वेळ झाला होता, चार्जर गारच होता. आणि तेव्हा मागून ते आलं, आटपाडीकडची हाय ती.

मला तिथून निघायचं होतं. काय सांगू तुम्हाला, दुसरं काहीही माझ्या मनात नव्हतं, फक्त ह्या माणसांच्या नजरेतून बाहेर पडायचं. मी मीटरच्या दोन टोकांनी पिन पकडली, आकडा आला बारा पॉइंट एक. लोड लावला नाही. तापू दिला नाही. माझ्या टेबलावर मी जे एकदाही केलं नसतं ते मी तिथं केलं, आणि मान हलवून म्हणाले, ठीक आहे.

दोन शब्द. त्या सत्यनारायणानंतर मी गावात चारचौघांत बोललेले बहुतेक पहिलेच. तात्यांनी लगेच खडू घेतला आणि काकीच्या नावाखाली लिहिलं, मशीन व चार्जर तपासला, बरोबर आहे. कोणीतरी म्हणालं, झालं, इंजिनियर पोरीनं मीटर लावून बघितलं, आता काय राह्यलं. मला वाटलं काकी भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, तू म्हणतीस म्हंजी खरंच आसंल गं बया, म्हशीलाच काय झालंय का बघायला पायजे. आणि त्याच दिवशी दुपारी तिनं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तिला स्वतःच्या हातावर विश्वास होता, स्वतःच्या म्हशींवर होता, आणि माझ्या दोन शब्दांवर तिनं म्हशींवरचा विश्वास सोडला.

गुरुवारी मी टेबलावर बसले, पहिला अडॅप्टर घेतला, लोडची क्लिप लावली, गारच्या रकान्यात आकडा लिहिला, आणि गरमच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. म्हणजे बघा, मला कोणी सांगितलं नाही, रकान्यानंच सांगितलं. सकाळी सहाला चार्जर गार. गावठाणातल्यांचं दूध त्याच्यावर. मग तो पिशवीत तापत जातो, मळ्यातले येतात, वस्तीवरचे येतात, तोपर्यंत तासभर झालेला, आणि सगळ्यात शेवटी काकी. व्होल्टेज पडलं की मशीनमधला पंप दूध नीट ओढणार नाही, त्यात हवा जाईल, आकडे खाली येतील, आणि मशीन म्हणेल पाणी. जी शेवटी येते तिच्याच दुधात सगळ्यात जास्त पाणी. आमचे माळी सर, ते सांगलीचे, तपासणीतले सगळ्यात जुने, ते शेजारून म्हणाले, काय वो मॅडम, पेन हातात धरून काय बसलाय, देव आला काय अंगात. मी त्यांना सांगितलं. सगळं नाही, अर्धंच सांगितलं, की गावात एक अडॅप्टर बघितला, लोड लावला नाही. ते म्हणाले, आणि ठीक आहे म्हणून सांगून आला? मी मान हलवली. ते म्हणाले, गार असताना काय वो, सगळेच शहाणे असतात.

शुक्रवारी सकाळी मी लवकर उठून डेअरीत गेले. चार्जर मागायला. दारात बारा-पंधरा माणसं होती, एक जण म्हणाला, या इंजिनियर, आज कुणाला धरायचं? मी वळले आणि घरी आले. असं झालं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मी बोर्डावरचं ते नाव वाचलं, त्याच्या खालची ओळ वाचली, आणि घरी आले. आई म्हणाली, काय गं, काय विसरलं? मी म्हणाले काही नाही.

शनिवारी मला सुट्टी असते. साडेसातला शटर खाली यायच्या वेळेला गेले, तात्या एकटेच होते, फरशी धूत होते. मी म्हणाले, तात्या, चार्जर संध्याकाळपर्यंत देता का? ते म्हणाले, का गं, तू तर बरोबर हाय म्हनलीस की. मी म्हणाले, परत बघायचाय. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि पिशवीसकट माझ्या हातात दिला. तो अजून गरम होता. पिशवीतून हाताला चटका बसेल इतका.

वडिलांच्या मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याचा बल्ब काढला, तो बारा व्होल्टचा असतो, चांगलं ओझं देतो. चार्जर आधी फॅनखाली ठेवून पूर्ण गार केला. मग पडवीत मांडलं सगळं, चार्जर परत पिशवीत घातला, तात्या घालायचे तसाच रबर लावून, आणि बल्ब जोडला. वडील घड्याळ घेऊन बसले, फौजेतल्या माणसाला वेळ धरायला सांगितली की तो हलत नाही. सुरुवातीला अकरा पॉइंट आठ. चालेल. पाच मिनिटांनी अकरा पॉइंट सहा. वडील म्हणाले, ठीक तर हाय की. पंधरा मिनिटांनी अकराला आला. वीस मिनिटांनी दहा पॉइंट चार, आणि मीटर एसीवर, म्हणजे उलटसुलट विजेच्या खुणेवर, फिरवून बघितला तर तिथंही आकडा, जिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे तिथं एक व्होल्टच्या वर, म्हणजे रेघेला दाते आले होते. तिसाव्या मिनिटाला नऊ पॉइंट दोन. मीटर बघायचीही गरज राहिली नाही, बल्ब पांढऱ्याचा पिवळा झाला होता आणि मधूनमधून डोळा मारल्यासारखा करत होता. आई पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहिली होती, ती म्हणाली, अगं बाई, हे तर मलाबी दिसतंय. वडिलांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग म्हणाले, तात्याला सांग, बदलून टाक म्हणावं. मिटलं. सभेत जायचं काय कारण न्हाई, आपण एकदा बरोबर म्हणून बसलोय.

आता लोक माझ्याकडं चार्जर घेऊन येतात. मोबाईलचे, सीसीटीव्हीचे, एकानं तर फवारणी पंपाचा आणला. म्हणतात दोन मिनिटांत बघून दे. मी म्हणते अर्धा तास थांबा नाहीतर ठेवून जा. चहा होतो तेवढ्यात, काहीजण कंटाळून जातातही. जाऊ देत. तात्यांनी डेअरीतली सगळी प्लास्टिकं काढली आहेत, कॅलेंडरचं सोडून. पण हे आत्ताचं झालं, तुम्ही त्या रविवारचं विचारत होता.

शनिवारी संध्याकाळी मी तात्यांना सांगितलं, आकडे कागदावर लिहून नेले होते. आणि वर्कशॉपमधला एक चांगला अडॅप्टर माळी सरांना विचारून शुक्रवारीच आणला होता, गार आणि गरम दोन्ही रकाने भरलेला, तो दिला. तात्यांनी कागद वाचला, घडी घातली, उलगडला, परत वाचला. म्हणाले, मीच आणला गं त्यो. मग म्हणाले, आता असं करू, ह्यो नवीन लावतो, उद्या सकाळी काकीचं दूध बरोबर येतंय, सभेत मी इषयच काढत न्हाई, आपोआप मिटंल. तुझंबी नाव न्हाई, माझंबी न्हाई. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला खूप बरं वाटलं. मी घरी येऊन जेवले आणि शांत झोपले.

रविवारी दूध घालून लोक पांगले नाहीत. चेअरमन अण्णा खुर्ची टाकून बसले होते. वडील आले होते, मी त्यांच्यामागं भिंतीला टेकून. कलाकाकी नेहमीसारखी शेवटी आली, कॅनॉलवरून, बारावीतली पोरगी सोबत होती, दोघींच्या हातात एकेक किटली. तात्यांनी दूध मापलं, बाटली लावली. मशीनचा पंप तेवढा ऐकू येत होता. पावती आली. तात्यांनी मोठ्यानं वाचली, फॅट सात पॉइंट एक, पाणी शून्य.

मला वाटलं आता संपलं. आणि तेवढ्यात एक जण म्हणाला, बघा, बोर्डावर नाव गेलं का न्हाई, लगीच पाणी थांबलं. दुसरा म्हणाला, बोर्डाला भ्याली. आणि हसले, तसेच, बुधवारसारखे. मी तात्यांकडं बघितलं. ते पावतीकडं बघत होते, एवढीशी पावती, त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आम्ही काय केलंय. चार्जर गुपचूप बदलून आम्ही काकीला सोडवलं नव्हतं, तिच्या नावावर ते पाणी कायमचं करून टाकलं होतं.

अण्णा माणूस मोठ्या मनाचे, ते म्हणाले, चला, सुधारली ना, झालं. दूध बंद करायला नको. काकी, एवढ्या समद्यांच्या म्होरं एकदा हात जोडा, म्हणा पुन्ना न्हाई हुणार, आणि बोर्ड पुसून टाकू. पोरगी म्हणाली, आये, जोडू नगंस. काकी तिला म्हणाली, गप. तिनं किटली खाली ठेवली. पदर सारखा केला. तिला वाटत होतं की डॉक्टरच्या औषधानं म्हैस बरी झाली असेल, म्हणजे दोष तिच्याच गोठ्यातला होता, असं ती धरून चालली होती, मला तिच्या तोंडावर दिसत होतं ते. तिचे दोन्ही हात वर यायला लागले.

वडिलांनी मागं हात करून माझं मनगट धरलं होतं. घट्ट नाही. मी ते सोडवलं आणि टेबलापाशी गेले. कोणीतरी हळूच म्हणालं, आता इंग्लिशमधी बोलती का काय. मला सगळी वाक्यं आधी इंग्रजीतच सुचत होती, खरं आहे ते, आणि एकही उपयोगाचं नव्हतं. मी काकीचे हात धरले आणि खाली केले. तिचे हात गार होते, किटलीच्या दांडीचा वळ उठलेला. मी अण्णांकडं बघितलं नाही, तात्यांकडं बघितलं नाही, आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले,

काकी, हात जोडायचे असतील तर ते मी जोडते. तुमच्या दुधात पाणी कधीच नव्हतं. चार्जर तापला की कमी पडत होता, आणि मी तो न तापवता, लोड न लावता, इथं उभी राहून ठीक आहे म्हणाले, कारण मला लवकर इथून निघायचं होतं. तात्या, आधी बोर्डावरची ती खालची ओळ पुसा, आणि काकींच्या नावाच्या जागी माझं नाव लिहा.